शेतातील कामासाठी पायांचे आवरण : निवड व वापर

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी शेतकरी बियाण्याची तजवीज करतो, औतांची डागडुजी करतो, पाभरीचे फण पाहून घेतो आणि बैलांना पत्र्या मारून घेतो. बैलाचा खूर झिजला तर काम अडेल, हे त्यास पक्के ठाऊक असते. परंतु त्याच बैलामागून दिवसभर चालणाऱ्या स्वतःच्या पायांसाठी वर्षाकाठी काही खर्च करावा, असे त्याच्या मनात सहसा येत नाही. अनवाणी किंवा फार तर टायरच्या चपलेवर हंगाम पार पडतो. काटा मोडला तर सुईने काढावा, जखम झाली तर हळद भरावी आणि पुन्हा कामास लागावे, अशी ही रीत आहे. ह्या रीतीची जी किंमत मोजावी लागते ती कोणत्याही जमाखर्चात लिहिली जात नाही, म्हणून ती दिसत नाही, इतकेच.

ह्या किमतीचा सर्वांत मोठा भाग सर्पदंशाचा आहे. आपल्या देशात सन २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांडला गेला. ह्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले व निम्मे जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला आणि केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. लस, रुग्णवाहिका व दवाखाना ही ह्या कामाची एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्या हातातली आहे. शेतात होणारे बहुसंख्य दंश पायांवर, त्यांतही पाऊल, घोटा व नडगीचा खालचा भाग एवढ्याच जागेत होतात. म्हणजे ज्या जागेचे रक्षण करावयाचे ती जागा वीतदीडवीतच आहे.

येथे एक घटना सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रशस्त होणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या कामाच्या क्षेत्रातील एका गावी प्रात्यक्षिकाच्या निमित्ताने गमबुटांचे जोड वाटण्यात आले. यादी खातेदारांच्या नावांची होती, म्हणून बूट पुरुषांच्या मापाचे आले आणि तेही जवळजवळ सर्व एकाच मापाचे. वाटपाचा अहवाल व्यवस्थित गेला. त्याच वर्षी सोयाबीनच्या काढणीत एका बाईस घोट्याजवळ घोणस चावली. तिच्या घरी बुटांचा जोड होता. तो पडवीतील खुंटीवर टांगलेला होता. सोयाबीन कापण्यास ती व तिची जाऊ गेली होती. बूट आला होता तिच्या नवऱ्याच्या नावाने, आणि तो त्यासही सैल होत असल्यामुळे वापरात नव्हता. बाईस वेळेवर सर्पविषप्रतिबंधक लस मिळाली व जीव वाचला, पण मूत्रपिंडांवर परिणाम होऊन कित्येक आठवडे दवाखान्यात काढावे लागले. ह्या वाटपात माझाही हात होता. तेव्हापासून कोठेही बूट मागवावयाचे झाले की मी प्रथम विचारतो : हे काम करतो कोण, आणि त्याच्या किंवा तिच्या पावलाचे माप काय? पुढील सर्व विवेचन ह्या दोन प्रश्नांवरच उभे आहे.

कामाप्रमाणे धोका निराळा

पायांचे एकच आवरण सर्व कामांस चालेल, असे समजणे ही पहिली चूक होय. तुरीचे किंवा कपाशीचे पीक काढल्यावर जमिनीत राहणारे धसकट तिरकस कापलेले असते व वाळल्यावर भाल्याच्या टोकासारखे होते. ते पातळ तळव्याच्या चपलेतून आरपार पायात शिरते, आणि अशा खोल, मातीने भरलेल्या जखमेतच धनुर्वाताचे भय अधिक असते. येथे पोटरी झाकून उपयोग नाही, तळ जाड हवा. याउलट बांधावरील बोरी-बाभळी तोडताना, कुंपण घालताना किंवा डोंगरउतारावर गवत कापताना इजा होते ती नडगीला, गुडघ्याला व मांडीच्या पुढील भागाला. कुसळी गवताची कुसळे विणलेल्या मोज्यात व सैल विणीच्या कापडात अडकून आत आत सरकतात; घट्ट विणीच्या गुळगुळीत कापडावरून ती घसरून पडतात. खाजकुयलीची लव आणि गाजर गवत यांनाही हेच लागू आहे. गाजर गवताने ज्याच्या त्वचेस एकदा पुरळ येऊ लागला त्यास पुढे थोड्याशा स्पर्शानेही त्रास होतो, तेव्हा निंदणीच्या वेळी पोटऱ्या उघड्या ठेवू नयेत.

ऊसतोडणीत दोन गोष्टी एकत्र येतात. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी कापते आणि कोयत्याचा घाव निसटला तर तो पुढे असलेल्या पायाच्या नडगीवर किंवा चवड्यावर येतो. शिवाय पाचटाखाली उंदीर असतात, आणि उंदरांमागे घोणस व नाग येतात. ब्राझील देशातील ऊसतोड कामगार घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ‘पेर्नेइरा’ नावाचे जाड आवरण बांधून तोडणी करतात. आपल्याकडील तोडणी मजुरास मुकादमाकडून उचल मिळते, कोयता तो स्वतः आणतो, परंतु नडगीचा विचार उचलीच्या हिशेबात कोणीही धरलेला नसतो. ज्या कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात आपले कार्यकर्ते आहेत, तेथे तोडणी सुरू होण्यापूर्वी हा विषय शेतकी अधिकाऱ्यांपुढे जरूर मांडावा.

विषारी सापांपैकी माणसाच्या मृत्यूस मुख्यतः कारण होणारे चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. ह्यांपैकी मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास घरातच चावते. तिच्यापासून बचाव बुटाने होणार नाही. खाटेवर झोपणे व मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हाच तेथे उपाय. फुरसे लहान असते. कोकणातील कातळावर, दगडांच्या गडग्यांत व पालापाचोळ्यात ते पुष्कळ आढळते. त्याचे दात आखूड असल्यामुळे साधा जाड बूट व दुपदरी कापडही त्याच्यापुढे बरेच काम देते. घोणसीची गोष्ट निराळी आहे. ती सुस्त दिसते, वाटेतून हलत नाही, आणि पाय जवळ आला की विजेच्या वेगाने झेपावते. तिचे दात दीड सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतात. सबब तिच्यापुढे कोणत्याही साध्या बुटास अभेद्य म्हणता येणार नाही. तरीही आवरणाचा फायदा मोठा आहे, व तो का, हे समजून घेण्यासारखे आहे.

शिकाऱ्यांच्या पोशाखापासून घेण्यासारखे

अमेरिकेत डोंगराळ झुडुपी रानात तितर-लाव्यांच्या जातीच्या पक्ष्यांची शिकार करणारे लोक पायांवर एक विशिष्ट आवरण चढवितात. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अशा शिकारीस मनाई आहे आणि पिकांवरील किडी टिपणाऱ्या ह्या पक्ष्यांना आपण राखलेच पाहिजे. परंतु त्या शिकाऱ्यांनी काटेरी जाळ्यांतून दिवसभर चालण्याचा जो अनुभव घेतला आहे, तो आपल्या गुराख्यास व शेतमजुरास उपयोगी पडण्यासारखा आहे. त्यांच्या आवरणास ‘चॅप्स’ म्हणतात. हा शब्द मूळ स्पॅनिश भाषेतील असून मेक्सिकोतील गुराख्यांनी झुडुपी रानात गुरे वळताना वापरावयाच्या चामडी आवरणावरून तो आला. म्हणजे ही वस्तू मुळात गुराख्यांचीच आहे.

ह्या आवरणाची रचना पाहण्यासारखी आहे. दोन्ही पायांना दोन स्वतंत्र नळ्या असून त्या कमरेच्या पट्ट्यास अडकविलेल्या असतात. बैठकीचा भाग उघडा असतो, म्हणून वारा खेळतो व घाम साचत नाही. कापड मेण चढविलेले सुती किंवा जाड नायलॉनचे, गुळगुळीत व घट्ट विणीचे असते. ज्यांना पूर्ण विजार हवी असते त्यांच्यासाठी विजारीच्या फक्त पुढील अंगास, मांडीपासून घोट्यापर्यंत, जाड कापडाचा दुसरा पदर शिवलेला असतो. कारण सरळ आहे : चालणाऱ्या माणसास काटा समोरून लागतो. मागील बाजू जाड करून वजन व उष्णता वाढविण्यात अर्थ नाही. आपल्या हवामानात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. मे महिन्यात वा ऑक्टोबरच्या उन्हात संपूर्ण पाय जाड कापडात गुंडाळला तर मजूर तासाभरात ते काढून टाकील, आणि काढून ठेवलेल्या आवरणाने कोणाचेही रक्षण होत नाही.

दुसरी गोष्ट सैलपणाची. घट्ट तंग विजारीपेक्षा पायापासून थोडे सुटे असलेले जाड कापड सर्पदंशात अधिक उपयोगी, कारण दाताचा काही भाग कापडात व मधल्या पोकळीत खर्ची पडतो. कॅलिफोर्नियात रॅटलस्नेक जातीच्या सापांवर केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कोमट द्रव भरलेल्या रबरी हातमोज्यांवर साप चाववून पाहण्यात आले. मोज्यावर जीन्सचे साधे डेनिम कापड घातले असता आत गेलेल्या विषाचे प्रमाण सुमारे ६० ते ६६ टक्क्यांनी घटले. उरलेले विष कापडावरच सांडले. रॅटलस्नेक आपल्याकडे नाही. तथापि तोही घोणसीप्रमाणे लांब, मागे दुमडणाऱ्या दातांच्या कुळातला आहे. जुनी जीन्सची विजार आज गावोगाव मिळते. ती टाकाऊ समजू नये.

गमबूट निवडताना

बाजारात दोन प्रकारचे गमबूट मिळतात, रबरी व पीव्हीसीचे. रबरी बूट मऊ, वाकणारा व पायास सोसणारा असतो, पण महाग पडतो आणि उन्हात टाकल्यास त्यास चिरा जातात. पीव्हीसीचा स्वस्त असतो, तेला-रसायनांस बरा टिकतो, मात्र ताठ असतो व घोट्यावर घासतो. खरेदीच्या वेळी आय.एस.आय. शिक्का पाहावा. बुटाचा पाय दोन बोटांत दाबून जाडी पाहावी. कागदासारखा पातळ बूट पाण्यापुरता ठीक, काट्यास व सापास नव्हे. तळाचे खाच खोल असावेत, परंतु काळ्या जमिनीत फार बारीक नक्षीचा तळ घेऊ नये. तीत चिखल भरून प्रत्येक पायाशी शेर-दोन शेर माती उचलावी लागते.

माप संध्याकाळी, दिवसभराच्या कामानंतर घ्यावे, कारण त्या वेळी पाऊल थोडे फुगलेले असते. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढावी, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहावे व मोठ्या पावलाचे माप धरावे. सुती मोजा घालून बूट चढविल्यावर बोटांपुढे अंगठाभर जागा राहिली पाहिजे. नंतर पोटरीचा घेर मोजावा. सैल बूट चिखलात पायातून निघतो आणि पायऱ्या उतरताना पाडतो. घट्ट बूट साप दिसल्यावर झटकन मागे सरण्यास अडथळा करतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मागणी पाठविताना नावापुढे जमिनीचे क्षेत्र लिहिण्याची रीत आहेच. त्याच ओळीत पावलाचे माप लिहिण्यास एक रकाना वाढविला तर फारसे काम वाढत नाही.

उंची किती असावी, ह्याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. पाणी देणे, बांधावरून फिरणे, उभ्याने कापणी करणे ह्यांस गुडघ्याखालपर्यंतचा उंच बूट उत्तम. जेथे वीजपंपास पाळीने रात्री वीज मिळते तेथे रात्रीच्या पाण्यासाठी उंच बूट, विजेरी व काठी ह्या तिन्ही वस्तू मोटरीच्या पेटीजवळच ठेवाव्यात. घरी ठेवल्यास घाईत विसरतात. उजेडाशिवाय नुसत्या बुटावर विसंबू नये, कारण सापापासून दूर राहणे हे सापाच्या दातांपासून पाय झाकण्यापेक्षा केव्हाही श्रेष्ठ.

बसून करावयाची कामे व स्त्रिया

उंच गमबूट घालून एकदा खुरपणीस बसून पाहावे. बुटाची कड गुडघ्यामागे रुतते, पोटरी दबते व अर्ध्या तासात पाय बधिर होतो. बुटांच्या शिफारशी करणाऱ्या आम्हा मंडळींपैकी किती जणांनी हा प्रयोग केला असेल, ह्याची मला शंका आहे. खुरपणी, भुईमूग काढणी, भाजीची तोडणी ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात आणि ती बसून किंवा पूर्ण वाकून होतात. ह्या कामांसाठी घोट्याच्या वर चार बोटे येणारा आखूड बूट आणि त्यावर कापडी पोटरीआवरण हीच जोडी सोयीची.

सहावारी साडीत घोट्याजवळ मोकळा घेर असतो. तो काट्यात अडकतो, दवाने भिजतो व पावलाजवळ काय आहे ते झाकतो. नऊवारीचा काष्टा ह्या दृष्टीने बरा, परंतु त्यात पोटऱ्या उघड्या पडतात. काही भागांत स्त्रिया साडीवर पुरुषी सदरा चढवून काम करतात; त्याच रीतीने साडीखाली जुन्या जीन्सची किंवा जाड सुती विजार घालण्याची प्रथा अलीकडे कित्येक गावांत दिसू लागली आहे. सुरुवातीस हसणारे लोक असतात. एकटीदुकटीने घातल्यास संकोच वाटतो, म्हणून बचत गटाच्या किंवा मजूर-टोळीच्या सर्व स्त्रियांनी मिळून एकदम सुरुवात करावी. स्त्रियांच्या मापाचे बूट दुकानदार ठेवीत नाहीत, कारण मागणी नाही असे ते म्हणतात, आणि स्त्रिया मागत नाहीत, कारण दुकानात नसतात. वीस-पंचवीस जोडांची एकत्र मागणी गेली तर हा तिढा सुटतो, असा अनुभव आहे.

घरी तयार करावयाचे पोटरीआवरण

पूर्वी सैनिक व पोलीस घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडाची लांब पट्टी गुंडाळीत असत. इंग्रजांनी ती आपल्याकडूनच उचलली व ‘पट्टी’ हा शब्दही त्यांच्या भाषेत गेला. ती गुंडाळण्यास वेळ लागतो, व सैल झाल्यास पायात येते. तिच्यापेक्षा पुढील आवरण सोपे आहे.

जुन्या जीन्सच्या विजारीचा गुडघ्याखालील भाग उसवून सपाट करावा. पोटरीचा सर्वांत मोठा घेर मोजून त्यात चार बोटे अधिक धरावीत. उंची गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांपासून पावलाच्या वरच्या उंचवट्यापर्यंत घ्यावी. असे दोन पदर एकमेकांवर ठेवून कडेने व मध्ये दोन-तीन ठिकाणी उभ्या शिवणी घालाव्यात. नडगीच्या बाजूस तिसरा पदर, शक्य तर जुन्या ताडपत्रीचा किंवा कॅनव्हासचा, द्यावा. मागील बाजूस तीन बंद लावावेत : एक गुडघ्याखाली, एक पोटरीच्या मध्यावर, एक घोट्यावर. खालून बुटाच्या तळाखाली जाणारी एक पट्टी हवी. ती नसल्यास आवरण वर सरकते व घोटा, म्हणजे नेमकी धोक्याची जागा, उघडी पडते. बंद करकचून बांधू नयेत. गावातील शिंप्याकडून हा जोड करून घेण्यास फारसा वेळ लागत नाही.

ऊसतोडणीसाठी तिसऱ्या पदराच्या आत चपटे खिसे शिवून त्यांत बांबूच्या बोटभर रुंद, गुळगुळीत केलेल्या कामट्या उभ्या घालाव्यात, अथवा चार इंची पीव्हीसी पाइपाचा उभा चिरलेला वीत-दीड वीत लांबीचा तुकडा, कडा कानसीने घासून, नडगीवर येईल असा बसवावा. निसटता घाव ह्याने अडतो. पूर्ण जोराच्या सरळ घावाची हमी देता येणार नाही, म्हणून कोयता चालविताना पाय मागे ठेवण्याची सवय सोडू नये.

विजार बुटाच्या आत की बाहेर?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण ह्यात चूक झाली तर चांगले बूटही अपाय करतात.

औषध फवारताना विजार बुटाच्या बाहेर असावी. आत खोचल्यास विजारीवरून ओघळणारे औषध सरळ बुटात जाते आणि दिवसभर पाऊल त्यात भिजत राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि फवारणारा औषधाने भिजलेल्या झाडांतून चालत होता. अशा पिकात मांड्या व नडग्या सर्वांत आधी ओल्या होतात. येथेही शिकाऱ्यांच्या आवरणाचे तत्त्व लागू पडते : कमरेपासून गुडघ्याखाली चार बोटांपर्यंत येणारा जाड प्लॅस्टिकचा पडदा पुढच्या बाजूने बांधावा, मागील बाजू मोकळी सोडावी. कातडी चपला किंवा बूट फवारणीस कधीही घालू नयेत. कातडे औषध शोषून घेते व ते धुऊन निघत नाही. डोक्याइतक्या उंच पिकात मात्र हे सारे अपुरे आहे. तेथे पिकात शिरून फवारू नये, हेच खरे.

गोचिडी व सूक्ष्म कोळी ह्यांच्या बाबतीत नेमके उलटे करावे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग व गोव्यातील सत्तरी भागात काजूच्या बागांत व लगतच्या जंगलात जाणाऱ्यांना गोचिडीमार्फत क्यासनूर जंगलताप होतो. सत्तरीत २०१५ साली व सिंधुदुर्गात २०१६ साली त्याची मोठी साथ आली. नागपूर व विदर्भाच्या काही भागांत २०१८ साली स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. तो गवता-झुडुपांतील कोळ्यांच्या अळ्यांमुळे होतो. हे जीव पायावरून वर चढतात. म्हणून विजार मोज्यात खोचावी व मोजा विजारीवर ओढून घ्यावा, म्हणजे त्यांना कापडाबाहेरूनच चढावे लागते आणि फिक्या रंगाच्या कापडावर ते दिसतात. घरी परतल्यावर गुडघ्यामागे, जांघेत व कमरेभोवती अंग तपासावे आणि कपडे अंथरुणावर टाकू नयेत.

सापासाठी तिसरी रीत. सैल, जाड विजार बुटावरून खाली सोडलेली असावी, म्हणजे एकाऐवजी दोन थर व मध्ये पोकळी मिळते.

भातखाचरात

येथे स्पष्टच सांगावयास हवे की चिखलणी व लावणीसाठी साधा गमबूट निरुपयोगी आहे. चिखल तो ओढून धरतो व माणूस पडतो. जपानमध्ये लावणीसाठी पायास मोज्यासारखे चिकटून बसणारे, घोट्यावर व गुडघ्याखाली बांधता येणारे पातळ रबरी बूट वापरतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. तोपर्यंत पायावरील प्रत्येक जखम, भेग व चिखल्या लावणीपूर्वी जलाभेद्य चिकटपट्टीने झाकाव्यात, काम संपताच स्वच्छ पाण्याने व साबणाने पाय धुऊन कोरडे करावेत. उंदरांच्या व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शिरतात. लावणीच्या दिवसांत कोकणात आरोग्य केंद्रामार्फत प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. त्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे व डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि आपण खाचरात काम करतो हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. मळणीच्या व कापणीच्या वेळी, जमीन घट्ट झाल्यावर, बूट पुन्हा वापरता येतात. त्याच वेळी घोणसीचे भय अधिक असते, हे लक्षात ठेवावे.

निगा

बूट पायात घालण्यापूर्वी उलटा करून दोनदा आपटावा. विंचू, बेडूक व क्वचित फुरसेही आत आश्रयास बसते. कामानंतर बूट खुंटीवर किंवा रोवलेल्या दोन काठ्यांवर पालथे ठेवावेत, सावलीत वाळवावेत. चुलीजवळ कधीही ठेवू नयेत. फवारणीचे बूट पायात असतानाच बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवावेत, मग काढून आतून धुवावेत, आणि ते धुणे विहिरीपासून व गुरांच्या पाण्यापासून दूर करावे. मोजे दोन जोड असावेत, म्हणजे एक वाळत असताना दुसरा घालता येतो. ओल्या मोज्याने पायास नायटा होतो आणि मग दोष बुटाच्या माथी येतो.

रबरी बुटास भोक पडल्यास सायकलच्या पंक्चरचे सामान चालते. जागा कानसीने खरवडून, द्रव लावून, सुकल्यावर तुकडा दाबून बसवावा. पीव्हीसीच्या बुटावर हे ठिगळ टिकत नाही. असा फुटका बूट फवारणीतून व पाण्यातून बाद करावा, पण फेकू नये. धसकटाच्या रानात व बांधावर तो आणखी एखादा हंगाम काढतो. मात्र त्याच्या पायावर रंगाने मोठी खूण करून ठेवावी, म्हणजे फवारणीच्या सकाळी घाईघाईत तोच पायात जाणार नाही.